तिसरा ठिपका

“मिस्त्री, अहो, ती फुटलेलीच नव्हती!” मालक आतल्या खोलीतून ओरडले तेव्हा माझ्या हातात कानस होती. ती मी खाली ठेवली. नुसती ठेवली नाही, तिच्या ठरलेल्या जागी, मूठ उजवीकडे करून ठेवली, जशी सव्वीस वर्षं ठेवतो आहे. मग स्टुलावर बसलो. मालक नळ्यांच्या कंपनीचं पत्र नाचवत बाहेर आले. आमचे मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांना कशाचंही हसू येतं. बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करण्याच्या दुकानात एवढं हसणारा माणूस असावा हे पहिली काही वर्षं मला पटत नसे. “तिन्ही नळ्या शाबूत आहेत म्हणतात. एकीच्या तोंडावर काळं रोगण बसलं होतं. पुसलं, झालं! रोगण कुणाचं, मिस्त्री?” रोगण माझंच. दुकानात काळ्या रोगणाची बाटली एक, ब्रश एक आणि तो धरणारा हातही एकच. “आणि तुमच्या लघवीच्या तपासणीतही काही निघालं नाही. निघणार कुठून? फुटलीच नाही तर पोटात जायचं काय, रोगण?” ते हसत होते आणि मीही हसत असणार, कारण नंतर गाल दुखल्याचं आठवतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. तीन वाजता माझ्या मुलीला न्यायला गाडी येणार होती. ती महिनाभर राहायला म्हणून आली होती आणि बाराव्या दिवशीच तान्हं बाळ घेऊन परत निघाली होती. माझ्यामुळे. मी अकरा दिवस तिच्या मुलीला हात लावला नव्हता, आणि का लावला नाही ते सांगितलंही नव्हतं. तिनं आपल्या मनानं एक कारण ठरवलं होतं आणि ते घेऊन ती चालली होती. मी मालकांना म्हटलं, “मी घरी जातो.” ते म्हणाले, “अहो, चहा तरी घ्या, तोंड पांढरं पडलंय तुमचं.” मी पत्र त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं आणि निघालो.

ज्यानं आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नाही, आणि न धरलेलं बरंच, त्याला एवढं सांगायला हवं. पिस्तुलाच्या वरच्या अंगाला पुढे एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात, आणि मागे एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी दिसली की नेम धरला गेला. उजेडात हे ठीक आहे. अंधारात काळ्यावर काळं, दिसणार काय? म्हणून पुढच्या माशीत एक आणि मागच्या खाचेच्या दोन बाजूंना दोन अशा काचेच्या तीन नळ्या बसवलेला जोड मिळतो. नळी मोहरीच्या दाण्याहून थोडी लांबट. आत ट्रिटियम नावाचा वायू कोंडलेला असतो आणि काचेला आतून लेप दिलेला असतो. वायू आपला आपण क्षीण होत राहतो आणि क्षीण होता होता लेपाला उजळवत राहतो. त्याला सेल नको, वीज नको, उन्हात तापवायला नको. पेटीत असो, खिशात असो, कुणी बघो न बघो, तीन हिरवे ठिपके जळत असतात. बारा वर्षांत उजेड निम्म्यावर येतो, म्हणजे नोकरीतल्या माणसापेक्षा फार वाईट नाही. दुकानात आम्ही त्यांना काजवे म्हणतो. काजव्यांचं काम आलं की मी खूश असतो, हे मान्य करायला हरकत नाही. लहानपणी आमच्या घरात एक गजराचं घड्याळ होतं, त्याचे काटे अंधारात हिरवे दिसत. मला अंधाराची भीती वाटे. मी ते घड्याळ पांघरुणात घेऊन बसायचो, डोक्यावरून चादर, आत मी, टिकटिक आणि ते दोन हिरवे काटे. वडील म्हणत, वेळ बघायची असते घड्याळात, तोंड नाही. मला वेळेशी कर्तव्य नव्हतं. मी झोपलो तरी ते जागं राहणार आहे एवढंच मला हवं असे.

ते पिस्तूल एका इन्स्पेक्टरबाईंचं होतं. छोटं, माझ्या तळहातात मावणारं, पंजा मिटला तर बाहेरून कळू नये असं. बाई काउंटरवर कोपर टेकून मालकांना सांगत होत्या, “मागच्या महिन्यात एका जिन्यात दिवे गेले. समोर कुणीतरी होतं. पिस्तूल नक्की कुठे रोखलंय तेच मला दिसेना.” मालकांनी विचारलं, “मग?” “मग काय, नाही उडवलं. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई होत्या, कचऱ्याची बादली घेऊन. हे काजवे मला उडवायला नकोत हो. न उडवायला हवेत.” मी आत बसून हे ऐकलं आणि मला ते फार आवडलं. सव्वीस वर्षं मी लोकांचे नेम सरळ करून देतो आहे आणि ते नेम कुणावर धरले जातात याचा विचार घरी न्यायचा नाही असं ठरवलेलं आहे. त्या बाईंचं काम मात्र मी विचार करत करत केलं. माशी सुरेख बसली. मागची खाच बसेना. ती बसवायला एक यंत्र असतं, स्क्रू फिरवत गेलं की खाच आडवी, हळूहळू ढकलणारं. नळ्यांच्या खाचेला हातोडी लावायची नाही असं कंपनीच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. साध्या लोखंडी खाचा मी जन्मभर पितळी पंच टेकवून हातोडीनं ठोकूनच बसवल्या. त्या दिवशी दुपारीच मुलगी घरी आली होती. दोन महिन्यांची नात मी अजून पाहिलेलीच नव्हती. तिच्या जन्माच्या वेळी बायको जाऊन राहून आली, मी दुकान सोडलं नाही. फोटो पाहिले होते, सगळे उजव्या बाजूनं काढलेले. जावई कामासाठी परगावी गेले म्हणून आता दोघी आमच्याकडे आल्या होत्या. मला घाई होती, यंत्र अडून बसलं होतं, आणि माझ्या हातानं मला न विचारता हातोडी उचलली. दोन टोले. दोनच, तेही हलके. खाच जागेवर गेली. कडेला लोखंड जरा खरवडलं होतं, पांढरं दिसत होतं. उघडं लोखंड दिसलं की काळं करायचं ही माझी सवय आहे, तिथे मी विचार करत नाही. ब्रशचं टोक रोगणात बुडवलं, फिरवलं आणि पिस्तूल पेटीत ठेवलं. नळीचं तोंडही उजेडात पांढरट ठिपक्यासारखंच दिसतं. त्याच्यावरूनही ब्रश फिरला होता, हे मला आज पत्र आल्यावर कळलं.

दुकानात नळाला पाणी नव्हतं. फडक्याला हात पुसले आणि घरी गेलो. अजून बूट पायात होते तेवढ्यात मुलीनं बाळ माझ्या हातात दिलं. “धरा बाबा. अकडून काय उभे राहिलात, बॉम्ब नाही तो.” बायको मागून म्हणाली, “ह्यांना सवय नाही आता.” बायकोनं मला फोनवर सांगितलं होतं की बाळाच्या गालावर एक डाग आहे, डॉक्टर म्हणतात घाबरायचं काही नाही. डाग म्हटल्यावर मी बटणाएवढा समजलो होतो. डोळ्याच्या खालपासून हनुवटीपर्यंत, अख्खा डावा गाल गडद तांबडा होता. मी तिचं कपाळ पाहिलं. मग केस पाहिले. मग तिनं माझ्या उजव्या हाताचा अंगठा पकडला आणि तोंडात घातला, आणि मी सुटल्यासारखा त्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. दात नसलेल्या हिरड्यांना इतका जोर असतो हे मी विसरलो होतो. सगळे हसले, मीही हसलो. मुलगी म्हणाली, “ओळखलं तिनं तुम्हाला.” किती वेळ ती तो अंगठा चोखत होती? पुढच्या अकरा दिवसांत मी हा हिशेब करायचा शंभर वेळा प्रयत्न केला. कधी दोन मिनिटं वाटायची, कधी दहा.

काजवे अंधारात तपासायचे ते सकाळी, असा आमचा नियम आहे. दिवसभर भिंगातून पाहून शिणलेले डोळे त्या कामाला लायक नसतात. मागच्या भिंतीतल्या मोठ्या कपाटाला जाड पडदा लावलेला आहे, आत एक स्टूल. तिथे जाऊन दहा मिनिटं नुसतं बसायचं, डोळे अंधाराला रुळेपर्यंत. मला ती दहा मिनिटं आवडतात. त्या सकाळी मी बसलो, मनात अंगठ्याची ती ओढ अजून होती, आणि पिस्तूल समोर धरलं. पुढचा ठिपका. मागचा डावा ठिपका. उजवीकडे काही नाही. मी डोळे मिटले, उघडले, पिस्तूल हलवलं. दोनच. माझ्या मनानं लगेच ते दोन टोले ऐकले. एरवी मी कुठलीही वस्तू भिंगाखाली दोनदा पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल मत देत नाही. त्या दिवशी भिंगाला हातच लावला नाही. कंपनीचा कागद मला पाठ होता: नळी फुटल्याची शंका आल्यास वस्तूला पुन्हा हात लावू नये, पिशवीत सीलबंद करावी, खिडक्या उघडाव्यात, हात धुवावेत. मी जन्मात पहिल्यांदा कंपनीचं अक्षरश: ऐकलं. एक दिवस उशिरा. पिशवी बंद केली, खिडक्या उघडल्या, आणि मग हात धुताना अंगठ्यापाशी आलो आणि तिथेच थांबलो. मी हातोडी मारली होती, म्हणून मला खात्री होती. नसती मारली तर कदाचित मी भिंग घेतलं असतं, रोगण दिसलं असतं, नखानं खरवडून टाकलं असतं, आणि त्या संध्याकाळी पुन्हा अंगठा देऊन बसलो असतो. माणूस अपराधी असला की तपासत नाही, कबूलच करतो.

दुपारी कंपनीतल्या बाईंशी फोनवर बोललो. शांत आवाज, घाई नाही. त्या म्हणाल्या, वायू अगदी थोडा असतो, हवेत निघून जातो, घाबरू नका, भरपूर पाणी प्या, ती सीलबंद पिशवी आमच्याकडे पाठवा आणि नियम म्हणून रोज सकाळचा लघवीचा नमुनाही पाठवा. मी विचारलं, “समजा, एखाद्यानं नंतर त्याच हातानं घरी कुठे स्पर्श केला तर?” त्या म्हणाल्या, “हात धुतले होते ना?” मी म्हटलं, “समजा.” त्या म्हणाल्या, “मग काही नाही. तरी लहान मुलांपासून जरा जपूनच असावं.” त्यांनी ते सहज म्हटलं असणार, जसं पाटीवर लिहिलेलं असतं. मी मात्र त्या एका ‘तरी’वर अकरा दिवस काढले. मी स्पष्ट विचारू शकलो असतो: बाई, माझ्या नातीनं हा अंगठा चोखला आहे, तिला काय होईल? विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि एकदा मिळालेलं उत्तर परत करता येत नाही. मालकांना मी नळीचं सांगितलं, अंगठ्याचं नाही. घरात कुणालाच काही नाही. सकाळी उठलो की बायको उठायच्या आत बाटली भरायची, पिशवीत लपवायची. दिवसातून वीसदा हात धुवायचे. बोटांची कातडी सोलली तेव्हा बायको म्हणाली, “हात आहेत की भांडी?” मी चमच्यानं जेवू लागलो. बाळ जवळ आलं की पडसं झालंय म्हणून तोंड फिरवायचं. पडसं किती दिवस पुरणार? चार दिवसांनी मी कंबर धरली. आठव्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, कंबर खुर्चीत बसलेल्या माणसाला आडवी येत नाही. घ्या ना तिला.” मी म्हटलं, “नको, राहू दे.” ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. बाळ तिच्या खांद्यावर होतं, डावा गाल माझ्याकडे. मग तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ते इतकं हळू केलं की मला ओरडावंसं वाटलं, अगं, ते नाही, तसं नाही. मी उठून हात धुवायला गेलो. त्या दिवसांत मी लांबूनच बाळाचं दूध पिणं, झोपणं, शिंकणं पाहत असे, प्रत्येक शिंक मोजत असे. ती एकदा पहाटे दूध ओकली तर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. आणि काल जेवताना मुलगी ताटाकडे बघत म्हणाली, “उद्या जातो आम्ही. तुम्हाला त्रास होतो. लोकांचं मी सोसते बाबा, दुकानात, डॉक्टरकडे, सगळीकडे बघतात. इथे सोसायला नव्हते आले.” बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चमचा खाली ठेवला.

बस निम्मी रिकामी होती. मी खिडकीशी बसलो आणि पत्र पुन्हा वाचलं. ‘तिन्ही नळ्या सुस्थितीत.’ किती सुंदर मराठी लिहितात हे लोक. माझा जीव इतका भांड्यात पडला होता की भांड्याचा आवाज शेजारच्याला ऐकू गेला असावा. तो माणूस सारखा माझ्याकडे बघत होता. मी हसत होतो. आवाज न करता, पण खांदे हलत होते. रोगण! मी एका थेंबभर रोगणापायी अकरा दिवस विष पेरत हिंडलो. त्या दोन टोल्यांनी काहीसुद्धा झालं नव्हतं. मला एकदम भूक लागली. स्टॉपवर एक संत्रं घेतलं होतं, ते नखांनी सोललं, फोड उचलली आणि बोटांसकट तोंडात घातली. सोललेल्या कातडीला रस झोंबला. तेही चांगलं वाटलं. माझाच हात, माझाच अंगठा, माझंच तोंड. परत मिळालेल्या वस्तूंकडे बघावं तसा मी त्यांच्याकडे बघत होतो. आणि ती वाचली. तिला काही झालंच नव्हतं, म्हणजे ती वाचली असं म्हणणंही खरं नाही, पण मी मनातल्या मनात तिला इतक्यांदा दवाखान्यात नेलं होतं की आज तिथून घरी आणल्यासारखं वाटत होतं. माझी मुलगी लहान असताना बायको मला कामाच्या कपड्यांनी तिला उचलू द्यायची नाही. लोखंडाचा भुसा असतो, डोळ्यांत जाईल. मी दारात उभा राहायचो आणि मुलगी चटईवरून हात वर करून ओरडायची, आणि मी कपडे बदलून येईपर्यंत ती दुसऱ्याच कशात तरी रमलेली असायची. असं किती वेळा झालं असेल. कपडे बदलण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं. बस एका सिग्नलला अडली. दोन वाजून चाळीस मिनिटं. मी सिग्नलवर मनापासून चिडलो, आणि साध्या गोष्टीवर चिडता येतंय याचाही मला आनंद झाला. फक्त मधूनच काहीतरी खुपत होतं, बुटात खडा असावा तसं, आणि मी त्याच्याकडे लक्ष देत नव्हतो. आता सगळं सांगायचं. काजवे, हातोडी, रोगण, बाटली. ऐकल्यावर ती हसेल. म्हणेल, बाबा, तुम्ही म्हणजे अगदी हे आहात. सगळा गैरसमज निघून जाईल. हे मी स्वत:ला तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तो खडा तिथेच होता.

दार उघडं होतं. दारात तिची बॅग, तिच्यावर बाळाची पिशवी. मुलगी पलंगावर बसून बाळाला मोजे घालत होती, बायको डबा भरत होती. मी दम न घेताच सुरुवात केली आणि अर्थात चुकीच्या टोकाकडून केली. “रोगण होतं,” मी म्हणालो, “नुसतं रोगण.” दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी पत्र पुढे केलं आणि पहिल्यापासून सांगितलं, ते दोन टोले, नळाला नसलेलं पाणी, अंगठा, कपाट, पिशवी, फोन, बाटल्या. बाटल्या म्हटल्यावर बायको खुर्चीत बसली. “बाटली त्यासाठी होती?” ती म्हणाली. “मी पाहिली होती. दुसऱ्याच दिवशी पाहिली. मला वाटलं, तुम्हाला काही मोठं झालंय आणि तुम्ही लपवताय. तुमचे खिसे तपासले मी, कुठे रिपोर्ट सापडतो का म्हणून. अहो, मी तुमच्या मागे काय करायचं ते ठरवून बसले होते.” आणि ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली, हातात डब्याचं झाकण तसंच. अकरा दिवस आम्ही दोघं एका अंथरुणावर पाठ करून दोन वेगवेगळी मरणं सांभाळत झोपलो होतो. मुलगी मात्र हसली नाही. तिनं पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली.

“म्हणजे अकरा दिवस तुम्हाला वाटत होतं की हिला काहीतरी बाधलंय,” ती म्हणाली. “आणि तुम्ही रोज डबा घेऊन कामाला जात होता.”

“हो.”

“मला कधी सांगणार होता?”

“तपासणी आल्यावर.”

“आणि ती वाईट आली असती तर?”

“मी घाबरलो होतो गं,” मी म्हटलं. एवढंच खरं होतं.

“आई आहे ना मी तिची? घाबरायचं होतं तर मला बरोबर घेऊन घाबरायचं होतं.” तिचा आवाज चढला, मग तिनं बाळाकडे पाहून तो खाली आणला. बाळ जागं होतं, मोज्याशी झगडत होतं. मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “आणि मी काय काय समजले तुमच्याबद्दल. मला वाटलं, तुम्हाला तिचा गाल बघवत नाही. काल जेवताना तसं बोलायला नको होतं मी. चुकलं माझं, बाबा.”

इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं मिटलं असतं. बायकोनं डोळे पुसले होते, मुलीचा चेहरा निवळत होता, पत्र माझ्या बाजूनं होतं. खालचा तो खडा आता बुटात राहिला नाही, छातीपाशी आला. मला कळलं की पत्रात लिहिलंय त्यापेक्षा जास्त माझी सुटका होते आहे, आणि ती जास्तीची सुटका मला नको आहे.

“नाही चुकलं,” मी म्हणालो. “नंतरचे अकरा दिवस हातामुळे गेले. पण पहिल्या संध्याकाळी हाताचं मला काही माहीत नव्हतं. तू तिला माझ्याकडे दिलीस तेव्हा. तेव्हाही मी तिच्या गालाकडे पाहिलं नाही. कपाळ पाहिलं. केस पाहिले. तिनं अंगठा तोंडात घातला तेव्हा बरं वाटलं मला, बघायला दुसरं काहीतरी मिळालं म्हणून. अजून मी तिला नीट पाहिलेलं नाही.”

बायकोनं “अहो” म्हटलं आणि ती थांबली. मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती उठेल आणि बॅग उचलेल, आणि तिचं बरोबर असेल. खाली गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. ती उठली नाही. तिनं बाळाचा दुसरा मोजा घेतला, घातला नाही, नुसता बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“नर्सनं माझ्याकडे दिली ना,” ती म्हणाली, “तेव्हा मीपण पाहिलं नाही. दोन दिवस. दूध पाजताना भिंतीकडे बघायचे.” मग आईकडे एकदा पाहून, “तुलासुद्धा नाही सांगितलं.”

खाली हॉर्न वाजला. “आई, गाडीवाल्याला परत जायला सांग,” मुलगी म्हणाली, आणि बायको डब्याचं झाकण हातात घेऊनच जिन्याकडे गेली. मुलीनं बाळाला उचललं आणि माझ्याकडे आणलं. मी हात मागे घेतले, सवयीनं, आणि म्हणालो, “संत्रं खाल्लंय मी, चिकट आहेत, धुऊन येतो.”

“नको,” ती म्हणाली. “तसेच घ्या.” तिनं बाळ माझ्या हातांत ठेवलं, डावा गाल वर करून. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ त्याच्यावर पडलं होतं. मी पाहिलं. डोळ्याच्या कडेपासून तो रंग निघाला होता, मधे गडद होता, कानाजवळ फिका होत होत संपला होता, आणि तिनं जांभई दिली तेव्हा तोही तिच्या गालाबरोबर ताणला गेला.

“मान नीट धरा, बाबा,” मुलगी म्हणाली.